टॉर्किलचा दात, गुनारचा पाव

रविवारी दुपारी, कॉफीच्या वेळेला, डॉक्टर टॉर्किल ब्रोगॉरच्या तोंडात 'कट्' असा आवाज झाला, आणि तीस वर्षं लोकांचे दात दुरुस्त केल्यानंतर त्याला पहिल्यांदाच कळलं की पेशंट खुर्चीत बसल्यावर मुठी का आवळतात.

आवाज खाली स्वयंपाकघरापर्यंत गेला. लिस्बेट केक कापत होती. तिनं सुरी थांबवून जिन्याकडे मान वर केली.

"काय मोडलं रे?"

"काही नाही," वरून उत्तर आलं. "फगळं ठीक आहे."

लग्नाला एकोणतीस वर्षं झालेली बाई 'फगळं' ऐकून गप्प बसत नाही. ती वर आली. टॉर्किल खिडकीपाशी पाठमोरा उभा होता. एका हातात निळ्या प्लास्टिकच्या दोन लांब पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या, दुसरा हात तोंडावर.

"हात काढ," ती म्हणाली.

त्यानं काढला. पुढच्या वरच्या दाताचा खालचा कोपरा गेला होता. लिस्बेटनं दाताकडे पाहिलं, मग पट्ट्यांकडे पाहिलं. पट्टीवर दातांचे ठसे व्यवस्थित उमटले होते.

"दातानं?" तिनं विचारलं. "टॉर्किल, तू? दातानं उचकटत होतास?"

तिचं आश्चर्य समजण्यासारखं होतं. स्कोवबेक गावातल्या शाळेत टॉर्किल दर वर्षी प्लास्टरचा भलामोठा जबडा घेऊन जायचा आणि पोरांकडून एकच वाक्य घोकून घ्यायचा, 'दात म्हणजे पक्कड नव्हे!' ठोकळे एकमेकांत अडकले की पोरं दात लावतात, हे त्याला नेमकं ठाऊक होतं, आणि त्याबद्दलच तो सगळ्यात कळकळीनं बोलायचा. दवाखान्याच्या भिंतीवर त्यानं स्वतः रंगवलेलं चित्र होतं. दातांत पकडलेला ठोकळा आणि त्यावर लाल फुली. गेली कित्येक वर्षं गावातली अख्खी पिढी त्या लाल फुलीखाली तोंड उघडून बसली होती.

पण त्यालाही कारण होतं. टॉर्किल दोन वर्षं एक विमान बांधत होता. अर्थात ठोकळ्यांचं. त्यांच्या देशात मोठ्या माणसानं ठोकळे जोडत बसण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, हसतात ते फक्त घरचे. डब्याबरोबर येणारी सूचनांची पुस्तिका टॉर्किल उघडतसुद्धा नसे. डबा आणायचा, त्यातलं अग्निशमन केंद्र किंवा महाल काय असेल ते बाजूला ठेवायचं आणि हवे तेवढे तुकडे काढून घ्यायचे, ही त्याची पद्धत. विमानाची इंजिनं म्हणजे मूळची ट्रॅक्टरची चाकं होती. हवा ओढायच्या जाळ्या एका राजकन्येच्या गच्चीचे कठडे होते. असे एकतीस डबे फोडून मीटरभर लांबीचं, करड्या-निळ्या रंगाचं, गुरूच्या चंद्रांवर अडकलेल्या माणसांना सोडवून आणणारं एक विमान तयार झालं होतं. समुद्रावरच्या कुररी पक्ष्यासारखी दुभंगलेली शेपटी, पुढं झुकलेले पंख. नाव अर्थात 'कुररी'.

"तिथं हवा नाही म्हणतोस ना?" लिस्बेटनं एकदा विचारलं होतं. "मग पंख कशाला?"

"परत येताना लागतात."

एवढंच की डावा पंख बोटभर खाली लोंबायचा. शनिवारी गावच्या क्रीडागृहात ठोकळेवाल्यांचं वार्षिक प्रदर्शन होतं, आणि लोंबत्या पंखाचं विमान घेऊन जाण्यापेक्षा टॉर्किलनं बिनपँटचं जाणं पसंत केलं असतं. पंखाला कणा हवा होता. तसली लांब पट्टी त्याच्या लहानपणच्या डब्यात होती. त्या निळ्याची छटा आता कुठं मिळत नाही. पण तिथं एक नव्हे, दोन पट्ट्या होत्या, आणि त्या पंचेचाळीस वर्षं एकमेकींना मिठी मारून बसल्या होत्या. ठोकळे उचकटायची प्लास्टिकची पाचर नेमकी सापडेना. नखं झाली, लोण्याची सुरी झाली. मग शेजारी कुणी नाही असं पाहून टॉर्किलनं त्या तोंडाकडे नेल्या. आठव्या वर्षी तो हेच करायचा.

"तुकडा कुठंय?" लिस्बेटनं विचारलं.

तुकडा सापडला तर दात जोडता येतो, फक्त तो दुधात ठेवावा लागतो. हे टॉर्किल झोपेतही सांगू शकला असता. पण तुकडा उडाला होता तो थेट पांढऱ्या बारीक तुकड्यांच्या ताटात, आणि त्या ताटात हजारभर तरी पांढरे तुकडे होते. पाऊण तास दोघं नवराबायको गुडघ्यांवर बसून ते ताट चिवडत राहिले. दुधाच्या पेल्यात आधी तीन खोटे तुकडे गेले. चौथा लिस्बेटला मिळाला.

"हा कॉफी पिणाऱ्याचा आहे," ती म्हणाली. "बाकीचे सगळे स्वच्छ होते."

सोमवारी सकाळी सुरुवातीला टॉर्किलला काही अडचण आली नाही. दंतवैद्याला तोंड झाकून फिरायला कारण लागत नाही. पण दहाच्या कॉफीला मास्क काढावाच लागला. दवाखान्याचा फोन, फायली आणि हत्यारं सांभाळणारी बिर्थे समोरच बसली होती.

"अगं बाई! डॉक्टर, तुमचा दात!"

टॉर्किलनं वर पाहिलं. बिर्थेच्या डोक्याच्या अगदी वर भिंतीवर ती लाल फुली होती. त्यानं खाली पाहिलं. बशीत बिर्थेनं आणलेल्या न्याहारीचा काळा पाव होता, जाड सालीचा आणि अख्ख्या दाण्यांचा.

"काळा पाव," तो म्हणाला.

"पाव?"

"पावात काहीतरी कठीण होतं. खडा अफावा."

बिर्थे वाईट बाई नव्हती. कुणाचं आजारपण निघालं की सूप घेऊन आधी ती पोचायची. पण पोटात बातमी ठेवून जेवणं तिला जमत नसे.

चार वाजता टॉर्किल शेजारच्या गावी योर्डिस केरुल्फच्या दवाखान्यात गेला. स्वतःचा दात स्वतःला जोडता येत नाही, आणि पंचक्रोशीत दुसरं कुणी नव्हतं. एरवी तो तिच्या दारात गेला नसता. अकरा वर्षांपूर्वी तिनं त्याच्या एका पेशंटची दाढ बघून 'हे कुणी केलंय?' असं विचारलं होतं, आणि पेशंटनं ते जसंच्या तसं त्याला येऊन सांगितलं होतं.

योर्डिसनं दिवा ओढला. "कशानं मोडला?"

"आआ आऽ," टॉर्किल म्हणाला. त्याच्या तोंडात आरसा होता.

"काळा पाव?" ती म्हणाली. दंतवैद्यांना ही भाषा येते. तिनं टोकदार हत्यारानं मोडलेल्या कडेवरून काहीतरी हळूच खरवडलं आणि दिव्यासमोर धरलं. केसाएवढा बारीक, निळा, चमकदार काप होता.

"नवीन पीक आहे का हे?" तिनं विचारलं. "निळ्या दाण्याचं?"

टॉर्किलनं डोळे मिटून घेतले.

"या वर्षातला हा माझा तिसरा काळा पाव," योर्डिस म्हणाली. "पहिल्याचा लाल होता, दुसऱ्याचा करडा. सगळे पन्नाशीपुढचे पुरुष. बायका मोडून आल्या की सरळ सांगतात."

"कुणाला सांगू नकोस," तोंड मोकळं झाल्यावर तो म्हणाला.

"मी कशाला सांगू? पेशंटची गोष्ट आहे. दोन दिवस पुढच्या दातांनी कठीण चावायचं नाही." हातमोजे काढता काढता ती म्हणाली, "पाव खा हवा तर."

दात असा जोडला की सांधा शोधून सापडेना. टॉर्किलनं घरी जाऊन आरशात पंधरा मिनिटं पाहिलं. बाई हाताची चांगली होती, हे त्याला जरा लागलंच. पण प्रकरण मिटलं, या आनंदात तो त्या दिवशी शीळ घालत विमानापाशी बसला.

प्रकरण मंगळवारी सकाळी बेकरीत पोचलं.

गुनार टॉफ्टची बेकरी चौकात होती. आजोबांची भट्टी आणि आजोबांचं आंबवण, अख्खं स्कोवबेक त्याचाच काळा पाव खाऊन मोठं झालेलं. रांगेत सहा माणसं असताना बिर्थेनं गुनारच्या बायकोला हळू आवाजात विचारलं, "खडे नसलेला आहे का गं एखादा?" हळू आवाजात विचारलेलं रांगेतल्या सहाही जणांना ऐकू गेलं. दुपारी शाळेच्या फाटकापाशी डॉक्टरांचे दोन दात पडले होते. संध्याकाळी जबड्याला टाके होते.

बुधवारी अकरा वाजता, टॉर्किल निवृत्त पोस्टमास्तरांच्या तोंडात दोन बोटं घालून उभा असताना, दार उघडून गुनार आत आला. पांढरा एप्रन तसाच, काखेत एक पाव. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. त्याचे कान लाल झाले होते.

"कुठल्या दिवशीचा होता?" त्यानं विचारलं.

"काय?"

"पाव, टॉर्किल. शुक्रवारचा की शनिवारचा? खडा सालीत होता की आत?"

"गुनार, तू जरा बस."

"बसायला वेळ नाही. एकतीस वर्षं मी भट्टीवर आहे. एकदा पावात पोराच्या कोटाचं बटण निघालं होतं, ते मी स्वतः घरी जाऊन माफी मागून आलो. मला फक्त दिवस सांग."

दारात बिर्थे उभी होती. खुर्चीत पोस्टमास्तर तोंड उघडून आळीपाळीनं दोघांकडे बघत होते. भिंतीवर लाल फुली होती. टॉर्किलनं त्यातल्या त्यात सोपा मार्ग धरला.

"अरे, तो तुझा पाव नसेलही."

गुनारच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि तिथं वेगळंच काहीतरी आलं.

"माझा नसेल?" तो सावकाश म्हणाला. "मग कुणाचा? सुपरमार्केटातला? तो प्लास्टिकच्या पिशवीतला, आधीच कापून ठेवलेला?" त्याचा आवाज खाली गेला. "टॉर्किल, तुम्ही घरी तो पाव खाता?"

"आँ?" पोस्टमास्तरांनी तोंडात बोटं असताना विचारलं.

"नाही, नाही!" टॉर्किल घाबरून म्हणाला. "काय बोलतोस! तुझाच. तुझाच होता."

"माझाच ना?" गुनारनं सुस्कारा सोडला. मग आपण काय ऐकलं ते त्याच्या ध्यानात आलं, आणि तो बिर्थेच्या स्टुलावर मटकन बसला.

गुरुवारी बेकरीच्या काचेवर गुनारच्या गोल, शाळकरी अक्षरात पाटी लागली : 'शुक्रवार-शनिवारचा काळा पाव कृपया परत करावा. चूक आमची. नवा पाव देऊ.' लोकांनी आणून दिले. अर्धे खाल्लेले आले, लोणी लावलेले आले, एका म्हातारीनं तर मागच्या महिन्यातला दगडासारखा झालेला पाव आणला आणि नवा घेऊन गेली.

टॉर्किल दवाखान्यातून घरी जाताना काचेशी थांबला. आत दुकानाच्या मागच्या खोलीत जमिनीवर पांढरी चादर पसरली होती. तिच्यावर धान्याचा ढीग होता, आणि गुनार आणि त्याची बायको गुडघ्यांवर बसून एकेक दाणा बॅटरीच्या उजेडात बाजूला सारत होते. गुनारनं काहीतरी उचललं, उजेडात धरलं, बायकोला दाखवलं. तिनं मान हलवली. त्यानं ते परत ठेवलं.

टॉर्किलनं दाराच्या कडीवर हात ठेवला. दार ढकललं. घंटी वाजली. गुनार गुडघे झटकत बाहेर आला.

"बोल, टॉर्किल."

"गुनार, मला तुला एक..." तेवढ्यात मागून दोन बायका आत आल्या. "एक पाव दे," टॉर्किल म्हणाला. "नको, दोन दे."

घरी ओट्यावर आधीचे चार होते. लिस्बेटनं हाताची घडी घातली.

"सहा झाले. आपण दोघंच आहोत इथं."

"त्याची विक्री बसलीय गं."

"ती कुणी बसवली? बेकरीत बायका माझ्याकडे कीव करून बघतात, आणि मी मान खाली घालते. मला वाटलं होतं तू एक-दोन दिवसांत सांगशील."

"कसं सांगू? वीस वर्षं पोरांना शिकवतोय. शाळेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"तोंड दाखवूनच ही वेळ आली," लिस्बेट म्हणाली. "ते विमान बांधायला तुला दोन वर्षं लागली. हे खोटं दोन दिवसांत बांधलंस, आणि त्याचा पंखसुद्धा लोंबत नाही."

टॉर्किल वर गेला. विमानासमोर बसला. हातातल्या त्या दोन निळ्या पट्ट्या उलटसुलट करून बघत राहिला.

शुक्रवारी प्रदर्शनाच्या मंडळाचा प्रमुख फ्लेमिंग याचा फोन आला. फ्लेमिंग उत्साही माणूस होता. तो बोलायला लागला की समोरच्याला नुसतं हो म्हणायचं काम उरे.

"पावाची ऑर्डर मी फिरवली रे," तो म्हणाला. "दर वर्षी गुनारकडून घेतो, पण उद्या दीडशे पोरं येणार. उगाच कुणाचा दात गेला तर? सुपरमार्केटचा मऊ पाव सांगितलाय. तू तर दंतवैद्य, तुला पटेलच."

"गुनारला कळवलंस?"

"कळवलं. काही बोलला नाही बिचारा. 'बरं' म्हणाला."

टॉर्किलनं फोन खाली ठेवला. त्या दिवशी त्यानं पाव आणला नाही, आणि रात्रीचं जेवणही धड केलं नाही.

शनिवारी सकाळी टॉर्किल आणि लिस्बेट 'कुररी'ला इस्त्रीच्या फळीवर ठेवून, स्ट्रेचरवरून पेशंट न्यावा तसे क्रीडागृहापाशी पोचले. दारातच त्यांना थांबावं लागलं. तिथं गुनार होता. रविवारचा कोट घातलेला. पुढं एक छोटं मेज, त्यावर पाव, सुरी आणि एक पिठाची चाळणी. येणाऱ्या प्रत्येक कुटुंबासमोर तो एक काप कापायचा, पुढच्या दातांनी कचकन चावायचा आणि सावकाश चावून गिळायचा.

"स्वच्छ आहे," तो म्हणायचा. "सगळं चाळून घेतलंय. बघा."

आया पोरांचा हात धरून बाजूनं निघून जात होत्या. काही जण कसंनुसं हसत होते. गुनार सातव्या-आठव्या कापावर होता, आणि त्याला आता गिळवत नव्हतं.

"टॉर्किल," लिस्बेट म्हणाली. एवढंच म्हणाली.

त्यांनी फळी नेमून दिलेल्या मेजावर टेकवली. टॉर्किल सरळ फ्लेमिंगकडे गेला आणि त्याच्या हातातून ध्वनिक्षेपक काढून घेतला. फ्लेमिंग त्या वेळी 'गाड्या नीट लावा' हे तिसऱ्यांदा सांगत होता.

"नमस्कार," टॉर्किल म्हणाला. आवाज सगळीकडे घुमला. "मी दंतवैद्य ब्रोगॉर. इथल्या बहुतेक मुलांना मी एक वाक्य शिकवलंय. काय ते?"

"दात म्हणजे पक्कड नव्हे!" दीडशे पोरं एका सुरात ओरडली. सवयच होती.

"बरोबर. माझा दात गुनारच्या पावानं मोडलेला नाही. त्या पावात खडा नव्हता. कधीच नव्हता." त्यानं ध्वनिक्षेपक दुसऱ्या हातात घेतला. "मी दोन पट्ट्या दातानं उचकटत होतो."

क्रीडागृहात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. एक ठोकळा पडलाही. पुढच्या रांगेतल्या आया एकमेकींकडे बघायला लागल्या. मेजांमागे उभ्या असलेल्या ठोकळेवाल्यांपैकी तीन-चार जणांनी ओठ घट्ट मिटून घेतले. टॉर्किल आता काय येईल ते झेलायला उभा राहिला. पहिला हात वर गेला तो चष्मा लावलेल्या एका सात-आठ वर्षांच्या मुलीचा.

"मग सुटल्या का त्या?"

"काय?"

"पट्ट्या. सुटल्या का?"

आणि टॉर्किलच्या लक्षात आलं की सगळं सभागृह, आयांसकट, ह्याच उत्तराची वाट बघतंय.

"नाही सुटल्या," तो म्हणाला. "गुरुवारी न सोडवताच लावून बघितल्या. पंखाला कणा दोन पट्ट्यांच्याच जाडीचा हवा होता. एक लावली असती तर पंख लोंबलाच असता."

"म्हणजे दात उगाच मोडला?" मुलगी म्हणाली.

"हो. उगाच."

मग जे हसू फुटलं ते थांबायला वेळ लागला. फ्लेमिंगनं ध्वनिक्षेपक परत घेता घेता टॉर्किलच्या कानात हळूच सांगितलं, "माझा करडा होता. मार्चमध्ये." आणि लगेच मोठ्यानं जाहीर केलं की दुपारचं खाणं गुनारच्या पावाचंच असेल आणि तो स्वतः आत्ता गाडी घेऊन बेकरीत जातोय. लोक दाराकडे वळले. दोन मिनिटांत गुनारच्या मेजावरचा पाव संपला. पण गुनार तिथं नव्हता. तो गर्दीतून वाट काढत टॉर्किलच्या मेजाकडे येत होता.

टॉर्किल ताठ उभा राहिला.

"चार दिवस," गुनार म्हणाला. त्याचा आवाज शांत होता, आणि ते जास्त वाईट होतं. "चार दिवस मी झोपलो नाही. दोन पोती धान्य हातानं निवडलं. बायकोची पाठ धरलीय. मी आजोबांच्या फोटोची माफी मागितली, टॉर्किल."

"मी काय करू सांग. म्हणशील ते करतो."

गुनार विमानाकडे बघत होता. मेजाभोवती दोरी होती आणि दोरीला कार्ड, 'हात लावू नये'.

"ह्याच्यासाठी मोडलास?"

"हो."

"उडतं?"

"नाही."

"मग?"

टॉर्किलला सत्तावन्न वर्षांत या प्रश्नाचं उत्तर सापडलं नव्हतं. मग त्यानं दोरी सोडली.

गुनारनं दोन्ही हात कोटाला पुसले आणि परातीतून गरम पाव उचलावा तसं विमान अलगद उचललं. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. आणि मग तो साठीचा, रुंद खांद्यांचा, रविवारचा कोट घातलेला माणूस गाल फुगवून हळूच म्हणाला, "श्शूऽऽऽ."

विमान वर गेलं. पंख हलला नाही. गुनारनं त्याला मेजावरून वळवलं, लिस्बेटच्या डोक्यावरून नेलं, एका खुर्चीला वळसा घातला. "श्शूऽऽऽ! घुंऽऽऽ!" पोरं बाजूला सरकून वाट देत होती. टॉर्किलला आनंद झाला. पण त्या आनंदात एक कुसळ होतं. गुनार विमान उलटं उडवत होता. दुभंगलेली शेपटी पुढं, आणि नाक मागं.

"गुनार," टॉर्किलनं सुरुवात केली, "ते जरा..."

लिस्बेटनं त्याच्या पायावर पाय दिला.

गुनार परत आला. धाप लागली होती. विमान मात्र त्यानं खाली ठेवलं नाही.

"चार दिवस लोक माझ्या काचेकडे संशयानं बघत होते," तो म्हणाला. "आता चार दिवस हे माझ्या काचेत राहील. पावांच्या मधोमध. लोकांना काहीतरी चांगलं बघू दे."

"आजपासून?" टॉर्किलचा चेहरा पडला. उद्या दुपारी मतदान होतं. उत्कृष्ट बांधणीला चषक होता. दोन वर्षं त्यानं त्या चषकासाठी फडताळात जागा करून ठेवली होती.

"आत्तापासून," गुनार म्हणाला.

टॉर्किलनं लिस्बेटकडे पाहिलं. लिस्बेट छताकडे बघत होती.

"ने," तो म्हणाला.

गुनार विमान घेऊन दाराबाहेर गेला. बाहेर गाड्यांच्या रांगेतून "श्शूऽऽऽ" लांब लांब जात राहिलं. टॉर्किलच्या मेजावर रिकामी इस्त्रीची फळी आणि 'हात लावू नये' एवढंच उरलं. रविवारी मतमोजणीत त्या फळीलाही तीन मतं मिळाली. चषक फ्लेमिंगच्या अवकाशस्थानकाला गेला.

पण रविवारी सकाळी टॉर्किल आधी बेकरीवर गेला. काचेबाहेर गर्दी होती. पोरांनी नाकं काचेला लावली होती, आणि मागं मोठी माणसं वाकून बघत होती. आत पांढऱ्या कापडावर, चार काळ्या पावांच्या मधे 'कुररी' उभी होती. रस्त्याकडे शेपटी आणि भट्टीकडे नाक. काचेपलीकडच्या इवल्याशा वैमानिकानं अख्ख्या स्कोवबेककडे पाठ केली होती.

टॉर्किलनं आत जाऊन तोंड उघडलं.

"काय?" गुनारनं गल्ल्यावरून विचारलं. "काही चुकलंय का?"

टॉर्किलनं त्याच्याकडे पाहिलं. चार दिवसांत पहिल्यांदाच माणूस नीट झोपलेला दिसत होता. कापड इस्त्री केलेलं होतं. पावांनासुद्धा लोण्याचा हात फिरवून चकाकी आणली होती.

"नाही," तो म्हणाला. "छान दिसतंय. एक पाव दे."

सोमवारी तो सकाळी आणि संध्याकाळी असा दोनदा तिथून गेला आणि दोन्ही वेळा मुठी आवळून गेला. खुर्चीतल्या पेशंटसारखा. मंगळवारी त्यानं समोरच्या फुटपाथवरून जायचं ठरवलं, म्हणजे दिसायला नको. आणि तिथंच, सायकली लावायच्या खांबापाशी, तो थबकला. लांबून ते दुभंगलेलं टोक पुढं आलं होतं, उघडलेल्या चोचीसारखं. पंख आता मागं झुकलेले दिसत होते. सगळं विमान कसं झेप घेण्याच्या बेतात होतं. टॉर्किलनं डोळे बारीक केले, मान तिरकी केली, एक पाऊल मागं घेतलं. एक सायकलवाला घंटी वाजवून शिवी देऊन गेला, तरी तो हलला नाही.

बुधवारी संध्याकाळी गुनारनं विमान स्वतः घरी आणून दिलं, आणि सोबत एक पाव. लिस्बेटनं त्याला कॉफी दिली. टॉर्किल विमान घेऊन वर गेला, दार लोटलं, भिंग लावलं. मग पट्टी उचकटायची ती छोटी प्लास्टिकची पाचर, जी दहा दिवस कुठंतरी हरवली होती, शोधून काढली, आणि वैमानिकाची खुर्ची उलटी फिरवून बसवली.